मोरपिसांचा मुकुट

पैनगंगेच्या काठी वसलेले किनवट हे नांदेड जिल्ह्यातील डोंगराळ व वनाच्छादित तालुक्याचे गाव होय. पूर्वी हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा तो नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. नकाशावरची रेघ सरकली, तरी रानातली वस्ती होती तेथेच राहिली. रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे गोंड, कोलाम, परधान हे समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहेत. त्यांची सोयरीक एक, दैवते एक आणि सणही एकच. आंध आणि बंजारा यांचीही अनेक गावे व तांडे या परिसरात आहेत.

पावसाळा सरून आश्विन महिना लागला, की गोंडांच्या वाड्यांतून तुडुम नावाचे वाद्य घुमू लागते. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीला संपणारा हा उत्सव म्हणजे दंडारी. एका गावचा मेळा नाचत-गात दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव त्याचे आगतस्वागत करते, जेवू घालते आणि दोन्ही गावे मिळून रात्र जागवतात. आज जे यजमान, ते पुढे पाहुणे होतात. अशा भेटीगाठींतून जुनी नाती दृढ होतात व नवी सोयरीकही जुळते. गोदावरीच्या काठी गुडिरेवू येथे पद्मलपुरी काको या देवतेचे स्थान आहे. कित्येक मेळे तेथे दर्शनास जातात.

या मेळ्यातील सर्वांत लक्ष वेधून घेणारी व्यक्ती म्हणजे घुसाडी. त्याच्या अंगाला राख फासलेली असते. खांद्यावर कातडे, गळ्यात मण्यांच्या माळा, कमरेला व पायांत घुंगरे, हातात सोटा आणि मस्तकावर मोरपिसांचा भला मोठा मुकुट. शेकडो पिसे एकत्र बांधून केलेला तो मुकुट घुसाडी डोलू लागला म्हणजे असा हलतो, की जणू एखादे झाडच वाऱ्यावर झुलत आहे! परंतु गोंडांच्या दृष्टीने ते केवळ सोंग नव्हे. घुसाडीचा वेष चढला, की त्या माणसाच्या ठायी देवत्व आले असे ते मानतात. वडीलधारी माणसेही त्याच्यापुढे नम्र होतात. त्याच्या सोट्याचा स्पर्श झाला तर दुखणे हटते, अशी श्रद्धा आहे. हा वेष अंगावर असेपर्यंत घुसाडी स्नान करीत नाही, व्रतस्थ राहतो. उत्सवाच्या शेवटी कोलाबोडी नावाचा विधी होतो. त्यानंतरच मुकुट उतरतो आणि कालचा देव पुन्हा आपल्या शेताकडे वळतो.

मुकुटासाठी मोर मारावे लागत असतील, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. मोर हा १९६३ सालापासून भारताचा राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीस कडक बंदी आहे. मात्र निसर्गाचीच एक सोय अशी, की पावसाळा संपत आला म्हणजे मोराचा पिसारा आपोआप झडतो. अशी झडलेली पिसे जवळ बाळगण्यास कायद्याची मनाई नाही. रानात पिसे झडण्याचा आणि दंडारीच्या तयारीचा काळ एकच असावा, हे मोठे नवल आहे.

आता किनवट परिसरातील, किंवा राज्यातील कोणत्याही गावातील, एखाद्या शाळेचे स्नेहसंमेलन डोळ्यांपुढे आणावे. कार्यक्रमात एक ‘आदिवासी नृत्य’ असतेच. मुलांच्या तोंडांना काळा रंग फासतात, कमरेभोवती झाडाचा पाला गुंडाळतात, डोक्यावर पुठ्ठ्याचा व रंगीत कागदाचा मुकुट चढवतात आणि हातात भाले देतात. मग मुले निरर्थक आरोळ्या ठोकीत उड्या मारू लागतात. प्रेक्षक हसतात व टाळ्या वाजवतात. त्याच प्रेक्षकांत पाचव्या रांगेत एक गोंड मुलगा बसला आहे असे समजा. त्याचे आजोबा दिवाळीत घुसाडी होतात. त्या दिवसांत घरातली माणसे त्यांच्याशी जपून बोलतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. रंगमंचावर जे चालले आहे त्यात त्याला आपले आजोबा ओळखू येत नाहीत. पण लोक हसताहेत ते आपल्याच घराला, हे मात्र त्याला पुरते कळते. तो टाळी वाजवीत नाही. शेजारचा मित्र विचारतो, “तुला नाही आवडला नाच?” यावर त्याने काय उत्तर द्यावे?

नाचणाऱ्या मुलांना विचारले तर ती म्हणतील, “आम्हांला कोणाचा अपमान करायचाच नव्हता. आम्हांला ते नृत्य आवडले, म्हणून आम्ही ते केले.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. त्यांच्या मनात द्वेष नव्हता. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की दुसऱ्या समाजाचा वेष, केशरचना किंवा शिरोभूषण आपण धारण केले, तर ते त्या समाजाचे कौतुक म्हणावे की त्याच्या ठेव्याची उचल म्हणावी?

घेणे हे मुळातच वाईट, असे कोणी म्हणू लागला तर त्याला आपल्या अंगावरचे कपडेच उतरवून ठेवावे लागतील! सदरा आणि पायजमा ही नावेच परकी आहेत. ज्या मिरचीवाचून मराठवाड्यातील भाकरीला चव येत नाही, ती मिरची पोर्तुगिजांबरोबर समुद्रापलीकडून आली. केसांचेच उदाहरण घ्यायचे तर १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ हा हिंदी चित्रपट झळकला. त्यातील नायिका साधना हिने कपाळावर केसांची झालर सोडली होती. ही तऱ्हा ऑड्री हेपबर्न या इंग्रजी चित्रपटांतील अभिनेत्रीवरून घेतलेली होती. लवकरच गावोगावच्या मुली तशीच झालर कापून घेऊ लागल्या आणि तिला ‘साधना कट’ असे नाव पडले. काही घरांत आयांनी डोळे वटारले असतील, ती गोष्ट वेगळी. परंतु त्यात कोणाचे काही हिरावले गेले नाही. ती झालर कोणाचे व्रत नव्हते, कोणाची खूणही नव्हती.

यापेक्षा जवळचे आणि अधिक बोलके उदाहरण नांदेडातच आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी नांदेड येथे देह ठेवला. तेथील सचखंड गुरुद्वारा शीख धर्मीयांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. न कापलेले केस ही खालसा पंथाची खूण, आणि त्या केसांवर बांधलेली पगडी हा शिखांचा मान. या गुरुद्वारात जाणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, मस्तक झाकून घ्यावे लागते. ज्याच्याजवळ काही नसेल तो रुमाल बांधतो. शिखांच्या रीतीने डोके झाकल्याबद्दल तेथे कोणी रागावत नाही. उलट तसे करावे असे घरधनीच सांगत असतो. पाहुण्याने त्याच्या उंबरठ्याचा मान राखला, एवढाच त्याचा अर्थ.

हीच पगडी इटलीतील मिलान शहरी कशी पोहोचली ते पाहण्याजोगे आहे. २०१८ साली गुच्ची या कंपनीने तेथील वस्त्रप्रदर्शनात शीख नसलेल्या तरुणांच्या मस्तकांवर शिखांसारखी पगडी चढवून त्यांना मिरवले. पुढच्या वर्षी तशीच तयार पगडी अमेरिकेतील एका दुकानात सुमारे ७९० डॉलरांना विकावयास ठेवण्यात आली. शिखांनी हरकत घेतली, तेव्हा दुकानाने ती काढून घेतली व क्षमा मागितली. कोणी विचारील, पगडीसारख्या कापडाच्या घड्यांवरून एवढा राग का यावा? त्याचे कारण त्याच अमेरिकेत घडलेल्या एका घटनेत आहे. सप्टेंबर २००१ मध्ये तेथे दहशतवाद्यांचे हल्ले झाले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी अ‍ॅरिझोना राज्यात एका शीख गृहस्थाचा गोळी घालून खून करण्यात आला. त्यांचा त्या हल्ल्यांशी काडीमात्र संबंध नव्हता. मस्तकावरची पगडी आणि दाढी पाहून मारेकऱ्याने त्यांना शत्रू ठरवले होते. ज्या पगडीपायी शिखांनी प्राण गमावले, तीच पगडी प्रदर्शनात एक गंमत म्हणून मिरवावी आणि सायंकाळी काढून ठेवावी, हे त्यांना कसे रुचावे? ज्याला ती काढून ठेवता येत नाही, त्याच्याच वाट्याला तिचे भोग येतात.

अमेरिकेतील काळ्या लोकांच्या केसांची कथा याच जातीची आहे. त्यांचे केस निसर्गतःच दाट व कुरळे असतात. ते मस्तकाशी घट्ट लावून बारीक बारीक वेण्या घालण्याची त्यांची रीत आफ्रिकेतून आलेली व फार जुनी आहे. अशा वेण्या घालून आलेल्या मुलींना कित्येक शाळांनी घरी पाठवले आणि कित्येक कचेऱ्यांनी ‘हे नीटनेटके दिसत नाही’ असे सांगून नोकरी नाकारली. त्याच वेण्या एखाद्या गोऱ्या नटीने घातल्या, की मासिके तिची छायाचित्रे छापून नव्या फॅशनचे गोडवे गात. एकाच वेणीला एका मस्तकावर शिक्षा आणि दुसऱ्या मस्तकावर शाबासकी! अखेर २०१९ साली कॅलिफोर्निया राज्याने असा भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. पुढे इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले.

त्याच देशातील मूळ रहिवाशांची कहाणी तर घुसाडीच्या मुकुटाच्या अगदी जवळ येते. तेथील मैदानी प्रदेशातील जमातींत गरुडाच्या पिसांचा मुकुट घालण्याची प्रथा आहे. पण तो हाटात मिळत नाही. पराक्रमाचे किंवा लोकहिताचे कृत्य करावे, जाणत्या मंडळींनी ते मान्य करावे आणि मग एक पीस लाभावे, अशी ती रीत. १८७९ साली पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे या जमातींच्या मुलांसाठी एक सरकारी निवासी शाळा निघाली. मुले तेथे येताच त्यांचे लांब केस कापून टाकण्यात आले. लाकोटा लोकांत आप्त वारला असता केस कापण्याचा रिवाज होता. त्यामुळे आपल्या घरी काय अनर्थ घडला असेल या भयाने ती मुले कासावीस झाली असतील यात शंका नाही. या मुलांना त्यांची भाषाही बोलू देत नसत. आणि २०१२ साली त्याच देशातील एका मोठ्या कंपनीने, कपड्यांचा खप वाढावा म्हणून, एका तरुणीच्या मस्तकावर तसाच पिसांचा मुकुट ठेवून तिला रंगमंचावर चालवले! लोकांनी निषेध करताच कंपनीने तो भाग वगळला व माफी मागितली.

परदेशातील चुका मोजताना आपले अंगण झाडायचे राहून जाऊ नये. किनवट आणि शेजारचा पुसद हा भाग बंजारा तांड्यांचा आहे. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषविणारे वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे, याच समाजातले. बंजारा स्त्रीच्या पोशाखात आरशाच्या भिंगांनी मढवलेली वस्त्रे असतात, आणि कानशिलांवर केसांत गुंफलेली घुगरी व टोपली ही रुप्याची आभूषणे असतात. स्नेहसंमेलनातील ‘बंजारा नृत्या’साठी आठदहा वर्षांच्या मुलींना हौसेने घुगरी-टोपली घालतात. तांड्यावरची आजी ते पाहून हसेल किंवा तोंड फिरवील. कारण घुगरी-टोपली हे सौभाग्यचिन्ह आहे. चिमुरड्या मुलीच्या गळ्यात मंगळसूत्र घातलेले पाहून इतर घरांतील आजीला जसे वाटेल, तसेच तिला वाटते. हे ठाऊक करून घ्यायला तांडा काही शंभर कोस दूर नव्हता. खरी खंत आणखी वेगळी आहे. हा वेष घालून बाजारात आले की लोक टक लावून पाहतात, परके लेखतात, म्हणून तांड्यावरच्या कितीतरी लेकीसुनांनी तो पेटीत ठेवून दिला. आणि तशाच आरशांच्या घागऱ्यांची दुकाने मात्र नवरात्रात शहरोशहरी सजतात.

पायांतल्या वस्तूची गोष्टही याहून निराळी नाही. जून २०२५ मध्ये मिलान येथेच प्राडा या कंपनीने कोल्हापुरी चपलांसारख्या चपला मिरवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कारागिरांच्या बाजूने आवाज उठला, तेव्हा या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे कंपनीने मान्य केले. चपलेत पावित्र्याचा प्रश्न नव्हता. ती कोणीही घालावी, आणि जगाने घातली तर कारागिराला आनंदच होईल. केवळ त्याचे नाव आणि त्याचा दाम बुडू नये.

येथे कोणी असेही म्हणेल, की एवढे जपून वागायचे तर कोणी कोणाच्या वाटेलाच जाऊ नये, हे बरे! परंतु तसे झाले, तर गोंडांचा नाच गोंडांनीच पाहावा आणि बंजाऱ्यांचे गीत तांड्यातच विरावे, अशी स्थिती येईल. ती उचलेगिरीपेक्षा बरी नव्हे. जवळ जाण्याच्याही रीती असतात. १९४० साली आदिलाबादच्या रानात गोंडांचा उठाव झाला. त्यानंतर त्याची कारणे शोधण्यासाठी निजाम सरकारने क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला तेथे पाठवले. तो व त्याची पत्नी एलिझाबेथ ही दोघे मारलवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिली आणि तेथील लोकांची भाषा शिकली. गोंडांच्या जमिनी हातच्या जात होत्या. त्या त्यांना परत मिळाव्यात म्हणून त्याने सरकारदरबारी खटपट केली. १९४३ साली तेथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले व मुलांसाठी गोंडी भाषेत वाचनपाठ तयार झाले. त्याने दंडारीचे वर्णन लिहिले, ते उत्सवात वर्षानुवर्षे पाहुणा होऊन. त्या दांपत्याची समाधी आज मारलवाईत आहे आणि गावकरी तिला मान देतात. घुसाडीचा मुकुट स्वतःच्या डोक्यावर घातल्याने हा मान त्याला मिळाला असता, असे म्हणवत नाही.

त्याच मारलवाईचे रहिवासी कनक राजू हे घुसाडी नृत्याचे थोर जाणकार होते. दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्यातही त्यांनी हे नृत्य सादर केले. मग येथे एक पेच उभा राहतो. गोंडांनी स्वतःच जर मुकुट दिल्लीच्या राजरस्त्यावर नेला, तर शाळेतल्या मुलांनी तो घातल्याने काय बिघडले? पेच वरवर बिकट वाटतो. आपल्या देवघराचे दार पाहुण्यांसाठी किती उघडावे, हे घरातल्या माणसाने ठरवायचे असते. कनक राजूंना विधी कोणता व प्रदर्शन कोणते, हे ठाऊक होते. काय दाखवावे आणि काय गावातच ठेवावे, याची निवड त्यांची होती. पाल्याचा घागरा व काळा रंग त्यांच्या नृत्यात कधी नव्हताच. शिकायला येणाऱ्यांना त्यांनी विन्मुख पाठवले नाही. आश्रमशाळांतील कितीतरी मुलांना त्यांनी पावले, ठेका आणि त्यांचा अर्थ शिकवला.

किनवटच्या त्या शाळेलाही हे अशक्य नव्हते. पाचव्या रांगेतील मुलाच्या घरी जाऊन, “आजोबा, आम्हांला तुमच्या दंडारीतले काय शिकता येईल?” असे विचारायला फार तर एक सायंकाळ लागली असती. आजोबांनी टिपरीचा फेर खुशाल शिकवला असता, तुडुम कसा वाजवतात ते दाखवले असते आणि मुकुटाविषयी कदाचित नाही म्हटले असते. आणि फेर धरणाऱ्या मुलांच्या पुढे तो मुलगाच उभा राहिला असता. कारण त्या वर्गात तो ठेका सर्वांत आधी त्याच्याच कानी पडला होता.

कनक राजू यांना २०२१ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन गौरविले. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी मारलवाई येथे त्यांचे निधन झाले. कोजागरी नुकतीच होऊन गेली होती, दिवाळी आठवड्यावर आली होती आणि ते दिवस दंडारीचेच होते.